चार सेंटिमीटर हिरवा

बिरनाळे सरांचा मॉनिटरवर विश्वास नव्हता.
पान लागलं की प्रिंट काढायची, भिंतीला चिकटवायची
आणि कँटीनच्या दारापर्यंत मागं जाऊन
डोळे बारीक करून बघायचं.
“इथनं दिसतं तेवढंच पान,” म्हणायचे.
“बाकीचं आपलं कौतुक.”

रविवारची रंगीत पुरवणी, आठ पानं.
त्यातली साडेतीन सराफांची आणि क्लासवाल्यांची.
उरलेल्यात मी मजकूर ओतायची,
सर उपसायचे.
ही चौकट कशाला?
हा फुलांचा कोपरा कुणाच्या लग्नाचा?
जाहिरातीतले पाच्छापुरे कोरी जागा बघून कळवळायचे,
जणू त्यांच्याच प्लॉटवर कुणी घर बांधू देत नाही.

फेब्रुवारीत कव्हर हळदीचं.
मार्केट यार्डातला सौदा, पोत्यांच्या थप्प्या,
आणि ढिगाच्या कडेला चाळण धरलेली एक बाई,
भुवयांपर्यंत पिवळी.
फोटो झकास. फक्त साडी शेवाळी,
पिवळ्यात मुरत मुरत बाई ढिगातच चालली होती.
सर म्हणाले, मोरचुदी कर.
केली. दोन मिनिटं लागली.
बाई सरळ अंगावर आली.
पुरवणीचं नावसुद्धा आम्ही तिच्या डोक्यामागं सरकवलं.

मंगळवारी ती ऑफिसात उभी. इंदाबाई ऐवळे.
वॉचमननं दोनदा परतवलं होतं.
पिशवीतून साडी काढली, घडी न मोडता
सरांच्या टेबलावर, रंगांच्या नमुना-पंख्यावर ठेवली.
“ही बघा. ही हाय ती.
पोरीनं पैल्या पगाराची घेतल्याली.
पुण्यातनं फोन करून इचारतीया,
आई, माझी नेसली न्हाईस व्हय?”

मी माउस उगाच इकडून तिकडं.
दुसऱ्या पानाच्या तळाला आमची ‘चूकभूल’ असायची:
आडनावं, गावं,
एकदा एका चालत्याबोलत्या माणसाच्या नावामागं लागलेलं ‘कै.’
रंग चुकला तर काय छापतात
हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

सर म्हणाले, “ठेवता का दोन दिवस?”
“एक दिस,” ती म्हणाली.

त्या रात्री शहर आवृत्ती सुटल्यावर
कुपवाडला, मशीनच्या ट्यूबलाइटखाली साडीचा पदर,
शेजारी दस्तगीर मुजावर, कोपरापर्यंत शाई.
सायन चढव. पिवळा थोडा मार. काळा, नाही, एवढा नको.
“पेपरचा कागद बेवडा असतोय सर,” दस्तगीर म्हणाला,
“कितीबी पाजा, तोंडावर दावत न्हाई.”

रविवारी पान दोन.
चार बाय चार सेंटिमीटरचा हिरवा चौकोन,
भोवती कोरं,
आणि खाली एक ओळ:
गेल्या अंकाच्या मुखपृष्ठावरील
श्रीमती ऐवळे यांची साडी या रंगाची होती.
पाच्छापुऱ्यांनी त्या कोऱ्याचा दर काढून दाखवला.

छापून आला तो जरा मातकटच.
सर दाराशी जाऊन बघून आले, काही बोलले नाहीत.
साडी न्यायला तिचा धाकटा आला होता बुधवारीच,
पुढं तिनं चौकोन बघितला का,
पुण्याला पाठवला का,
कळलं नाही. विचारायला गेले नाही मीही.

मेमध्ये एसटी स्टँडसमोर भडंग घेतलं.
पुडा सोडला तर आत पान दोन.
अर्धा चौकोन तेलानं भिजलेला,
पाठचा सराफाचा हार त्यातून उलटा दिसत होता,
आणि जिथवर तेल पोचलं होतं
तिथवर, दोन बोटं,
अगदी तोच शेवाळी.

दाणे सांडले ते सांडले.
कागद हात लांब करून उन्हात धरला,
एक पाऊल मागं गेले, डोळे बारीक केले.
भडंगवाला गाड्यावरून वाकून म्हणाला,
“काय झालं ताई? खवट लागलं?”